एअरबॅगवरचा खंडोबा

माझं काम डमींना गाडीत बसवायचं. चाकणच्या बाजूला गाड्या भिंतीवर आपटून बघायची एक प्रयोगशाळा आहे, तिथं मी वीस-बावीस वर्षं हेच करतोय. डमी म्हणजे कपड्यांच्या दुकानातली ती गोरीपान बाई नव्हे. आमची डमी चांगल्या धडधाकट माणसाच्या वजनाची असते. आत पोलादी बरगड्या, वर रबरी कातडी, आणि छातीत, मानेत, गुडघ्यांत मापं घेणारी यंत्रं. तिला छोट्या क्रेननं उचलायचं, सीटवर टेकवायचं, कंबर मागं रेटायची, दोन गुडघ्यांतलं अंतर मोजायचं, मान सरळ आहे का ते पाहायचं. मग पट्टा लावायचा, तो खांद्याच्या बरोबर मधून गेला पाहिजे. शेवटी कपाळाला निळा रंग, नाकाला लाल, हनुवटीला पिवळा. एअरबॅगवर कुठला रंग कुठं उमटला त्यावरून तोंड कुठं बसलं ते कळतं. एका डमीला माझी अर्धी शिफ्ट जाते. एवढ्या निगुतीनं मी स्वतःच्या लग्नात मुंडावळ्यासुद्धा बांधून घेतल्या नव्हत्या.

गाडी आपटते तो आवाज पोटात जाऊन बसतो. त्यानंतर जी शांतता होते तिची मात्र मला इतक्या वर्षांत सवय झाली नाही. हवेत पांढरी धूळ, फटाक्यासारखा जळका वास, आणि डमी मान खाली घालून बसलेली. सगळे कॉम्प्युटरकडं पळतात. मी डमीकडं जातो आणि तिचा पट्टा सोडतो. हलक्या हातानं सोडतो, का ते मला विचारू नका.

या कामानं माणूस बिघडतो. कुणाच्याही गाडीत बसलो की मला आधी दिसतं ते कोण कसं मरेल. पट्ट्याची पिन-पिन बंद करायला लोक बकलमध्ये नुसती क्लिप अडकवून ठेवतात, ती मी न विचारता उपटून खिशात घालतो. ऑफिसातल्या मंडळींनी मला लिफ्ट द्यायची कधीच सोडून दिली. माझी मुलगी एकदा म्हणाली, "बाबा, तुमच्याबरोबर प्रवास म्हणजे वाटेत आपलाच पंचनामा ऐकायचा." ती आता बंगळुरात असते. बायकोला जाऊन चार वर्षं झाली. रावेतला नवव्या मजल्यावर माझा फ्लॅट आहे, गॅलरीतून एक्स्प्रेस-वेकडं जाणाऱ्या गाड्या दिसतात. त्या घरात मी एकटा असतो, आणि मला ते मुळीच आवडत नाही. एकांत बरा वाटतो म्हणणाऱ्यांचा मला राग येतो.

माझं दुसरं घर कुरुळीत होतं. परभणीकडून नोकरीसाठी आलो तेव्हा कुरुळीतल्या एका जुन्या शेतकरी घराच्या मागच्या चाळीत मी खोली घेतली होती. घरमालकाचा मुलगा माझ्याच वयाचा. पहिल्या महिन्यात आमची ओळख झाली, दुसऱ्या महिन्यात भांडण, तिसऱ्या महिन्यापासून दोस्ती, ती आजतागायत. त्याच्या आईला सगळं गाव आक्का म्हणतं, म्हणून मीही आक्काच म्हणायला लागलो. मी खोली सोडून कधीचाच रावेतला गेलो होतो, पण बायको गेली त्या महिन्यात आक्कानं मला निरोप धाडला, "रविवारी घरी गॅस पेटवायचा न्हाई. हितं यायचं." तेव्हापासून दर रविवारी दुपारी मी तिथं जेवत होतो. बाजरीची भाकरी, रस्सा, आणि समोर बसून "आजून घे" म्हणणारं कुणीतरी. आठवड्यातली बाकीची जेवणं मी उरकायचो, जेवायचो एवढंच एक.

गेल्याच्या गेल्या दसऱ्याला दोस्तानं स्पोर्ट्‌स कार घेतली. रस्त्याकडेचा शेवटचा तुकडा गोदामासाठी गेला होता आणि पन्नाशीत त्याला एकदा हौस करून घ्यायची होती. पिवळीधमक, दोन दारांची, दोनच सीटची, आणि इतकी बुटकी की अंगणातली मांजर आत डोकावून बघत होती. गावात शिरताना पहिल्याच स्पीडब्रेकरवर तिचं पोट खरवडलं. तो आवाज ऐकून मला आपल्यालाच खरचटल्यासारखं झालं. दोस्त मात्र हसत उतरला आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "हा आपला कंपनीतला मानूस. ह्यो सांगंल गाडीत काय काय हाय."

त्याआधी मला असं कुणी म्हटल्याचं आठवत नाही. मी तासभर बोललो. म्हटलं, हे पुढचं नाक चेपण्यासाठीच बनवलंय. धक्का त्यानं खायचा, म्हणजे माणसं बसतात तो डबा शाबूत राहतो. हा डबा बघा, याच्या दारांत आडव्या पोलादी कांबी आहेत. सीटच्या मागं ही कमान आहे, गाडी उलटली तर वजन तिच्यावर यावं, डोक्यावर येऊ नये. धडक बसली की आधी पट्टा माणसाला सीटकडं ओढून धरतो, आणि पापणी लवायच्या आत समोरून फुगा येतो. रस्त्यावरचा माणूस धडकला तर बॉनेट स्वतःहून थोडं वर उचललं जातं, त्याचं डोकं खालच्या इंजिनावर आपटू नये म्हणून. शेजारीपाजारी ऐकत उभे होते. आक्का नऊवारीचा पदर सावरत गाडीभोवती फिरली आणि तिनं विचारलं, "म्हंजी गाडी मरती अन् मानूस ऱ्हातो?"

"व्हय आक्का," मी तिच्याच भाषेत म्हणालो, "त्यासाठीच हाय ती." इतकं सोपं आमच्या कुठल्याच अहवालात लिहिलेलं नाही.

मग पूजा झाली. बॉनेटवर स्वस्तिक, चाकांखाली लिंबं, नारळ. आणि आक्का घरात जाऊन देव्हाऱ्यातला खंडोबा घेऊन आली. पितळी, तळहाताएवढा, घोड्यावर बसलेला, तलवार उगारलेली. तिच्या सासूच्या हातचा देव. घरातली पहिली बैलगाडी, पहिला ट्रॅक्टर, पहिली जीप, सगळ्यांत तो काही दिवस बसून आला होता. पण या गाडीत तो कायमचा बसवायचा असं आक्कानं ठरवलं होतं, कारण या गाडीचा वेग तिला ऐकून माहीत होता. डॅशबोर्डवर सपाट जागा एकच होती, डावीकडं, शेजारच्या सीटच्या समोर. दोस्तानं दोन ट्यूब मिसळून लावायचा पक्का गम आणला आणि देव माझ्या हातात दिला. "भावा, तूच बसव. तुझ्यावानी सरळ कुनाला जमनार न्हाई."

त्या सपाट जागेवर बारीक उठावाची अक्षरं होती. एअरबॅग. मी ती वाचली. मला ठाऊक नव्हतं असं मी कुणालाही सांगू शकत नाही. सबंध तालुक्यात ज्याला ते सगळ्यात चांगलं ठाऊक होतं तो मीच होतो. त्या झाकणाखालचा फुगा सुटला की झाकण उडतं, आणि त्यावर जे असेल ते समोरच्या माणसाच्या तोंडावर जातं. पण दहा-बारा माणसं माझ्या हाताकडं बघत होती. आक्कानं हात जोडले होते. मघाशी तासभर माझं ऐकून घेतलेल्या या लोकांना आता नको म्हणायचं माझ्या जिवावर आलं. मी देवाची बैठक पुसली, गम लावला, काटकोन डोळ्यानं जुळवला आणि दाबून धरला. टाळ्या वाजल्या. मला छान वाटलं, हेही लिहिलं पाहिजे.

पहिली फेरी आक्कानं मारली. दोस्ताच्या बायकोनं त्या गाडीत पाठ धरते म्हणून साफ नकार दिला होता, पण आक्काला ती बुटकी सीट भलतीच आवडली. "पाटावर बसल्यावानी वाटतंया," म्हणाली. मग तो रिवाजच पडला. दर सोमवारी सकाळी दहाला दोस्त तिला तळेगावला तिच्या लेकीकडं घेऊन जायचा. पंच्याहत्तरीची बाई पिवळ्या स्पोर्ट्‌स कारमध्ये, आणि तिच्या तोंडासमोर हातभर अंतरावर मी बसवलेला देव. पट्टा मात्र ती न विसरता लावायची, कारण तो तिला मी शिकवला होता.

त्या हिवाळ्यात मी रोज ठरवायचो की या रविवारी सांगू. रविवार आला की ताट समोर यायचं, आणि मी जेवायचो. सांगितलं तर शोभा होईल, आक्काचं मन मोडेल, आणि तू स्वतः बसवलास ना, असं विचारतील. खरं कारण याहून लहान होतं. मला माझी रविवारची जागा घालवायची नव्हती.

माघात आमच्याकडं एका साध्या गाडीची चाचणी झाली. मापासाठी वापरायचा अॅल्युमिनियमचा एक लहानसा ठोकळा कुणीतरी डॅशबोर्डवर चिकटवला होता आणि काढायचा विसरला. आपटल्यानंतर मी डमीजवळ गेलो तर तिच्या गालाची कातडी उसवून आतलं धातूचं हाड दिसत होतं. नंतर पडद्यावर सगळं संथ करून पाहिलं. झाकण उघडलं, ठोकळा उठला, सरळ गेला. पोरं हसली, आता विसरणाऱ्याकडून पार्टी घ्यायची म्हणाली. मी स्वच्छतागृहात जाऊन बराच वेळ उभा राहिलो. ठोकळा खंडोबाच्या निम्म्यानंही नव्हता.

त्याच आठवड्यातल्या रविवारी मी सांगितलं, आणि जितक्या वाईट रीतीनं सांगता येईल तितक्या वाईट रीतीनं. त्या दिवशी घरी सोयरीक जुळवायला पाहुणे आले होते, दोस्ताच्या धाकट्या मुलीसाठी. पंगत बसली होती. पाहुण्यांतल्या एकानं गाडीची आणि देवाची तारीफ केली, आणि चार महिने तुंबलेलं माझ्या तोंडून एकदम बाहेर पडलं. "तो देव काढा. धडक बसली तर तो सुटून आक्काच्या तोंडात बसेल. आक्का जागेवर जाईल."

पंगतीत कुणी घास तोंडात घालेना. आक्का भाकरीची टोपली हातात घेऊन तशीच थांबली. घरात सोयरीक ठरत असताना म्हातारीचं मरण आणि देवाचा अपमान, दोन्ही मी एका वाक्यात उरकलं होतं.

"तूच बसवलास ना?" दोस्त म्हणाला.

"चुकलं माझं. म्हणून तर सांगतोय."

"चार म्हैने काय झोपला व्हतास? अन् ही येळ हाय व्हय सांगायची? त्या बाहुल्या मारून मारून तुला मानसं दिसंनाशी झाली बघ. जेव मुकाट्यानं, मागनं बोलू."

मला पाहुण्यांसमोर असं ऐकून घ्यायची सवय नव्हती. आणि तो म्हणाला ते खरं होतं, म्हणून जास्तच झोंबलं. मी ताटावरून उठलो. आक्का मागून म्हणाली, "लेकरा, आन्नावरनं उठू नगं," पण तोवर मी पायात चपला सरकवल्या होत्या.

पुढच्या रविवारी मी गेलो नाही. त्याच्या पुढच्या रविवारी वाटलं, आता तरी फोन येईल. आला नाही. मग मला राग धरून बसायचा नाद लागला. रविवारी दुपारी मी वरण-भाताचा कुकर लावायचो आणि मनात दोस्ताशी भांडत जेवायचो. दर वेळी मीच जिंकायचो. चाळीतल्या जुन्या दिवसांतली त्याची कुठलीही चूक मी उकरून काढायची ठेवली नाही. मुलीनं फोनवर विचारलं, "कुरुळीला नाही गेलात?" मी म्हणालो, "त्यांनी बंद केलं." हे मी इतक्यांदा म्हणालो की मला ते खरं वाटू लागलं.

पण सोमवार वाईट जायचा. सकाळी दहा वाजले की मी कुठंही असो, हातातलं काम थांबायचं. आता आक्का बसली असेल. आता पट्टा लावला असेल. आता तळेगाव रस्त्याला लागले असतील, पुढं कंटेनर असेल, तो न सांगता ब्रेक मारेल. साडेअकरापर्यंत मी धड नसायचो. साडेअकरा वाजून गेले, की पोचली असेल असं धरून चालायचं. असे पन्नासच्या आसपास सोमवार मी काढले. एकदाही फोन उचलून "देव काढलात का?" असं विचारलं नाही. माझा मान राखायचा होता ना.

मागच्या फाल्गुनातल्या एका सोमवारी आमच्या गेटवरचा सिक्युरिटीवाला आत आला. तो कुरुळीतच राहतो. "साहेब, तुमच्या दोस्ताची पिवळी गाडी ठोकली. कंटेनरच्या मागं घुसली. म्हातारी पण होती म्हणे." पुढचं त्याला माहीत नव्हतं. दोघांना दवाखान्यात नेलं आणि गाडी पोलीस चौकीसमोर आणून लावली, एवढंच.

मी दवाखान्यात जायला निघालो आणि चौकीपाशी उतरलो. माणसांआधी गाडी बघायची ही माझी वीस वर्षांची खोड आहे, शिवाय मला दवाखान्याची भीती वाटत होती. गाडीचं नाक पार चेपून काचेपर्यंत आलं होतं. डबा मात्र तसाच होता. दारं हातानं उघडली. दोन्ही फुगे पोट रिकामं करून लोंबत होते. मी डाव्या बाजूला वाकलो. डॅशबोर्डचं झाकण उलटून काचेवर आदळलं होतं आणि तिथं काच तडकली होती. झाकणावर गमाचा करडा डाग होता. देव नव्हता.

मी सीटखाली हात घातला, पायाशी चाचपलं, मागची फट बघितली, गाडीबाहेर रस्त्यावर गुडघ्यांवर बसून बघितलं. देव कुठंच नव्हता. मग तो आक्काबरोबर दवाखान्यात गेला, कुठल्या रीतीनं गेला, एवढाच विचार माझ्या डोक्यात राहिला. हवालदारानं विचारलं, "काही हरवलंय का?" मी फुगा हातात घेऊन उलटा केला. आमच्याकडं रंग असतो, इथं कुंकू होतं. फुग्याच्या बरोबर मधोमध, जिथं कपाळ टेकायला पाहिजे तिथं, कुंकवाचा एक पुसट डाग. रक्त नव्हतं. तेव्हा मी पुन्हा झाकणाकडं नीट पाहिलं. गमाच्या डागावर पात्यानं खरवडल्याच्या रेघा होत्या आणि त्या रेघांत जुनी धूळ बसलेली होती.

दवाखान्यात आक्का खाटेवर बसली होती. मनगटाला प्लॅस्टर, खांद्यापासून छातीवर तिरका काळानिळा पट्टा उमटलेला. मला बघून तिनं पदर नीट केला. "पट्टा लय आवळला रं," ती तक्रारीच्या सुरात म्हणाली. मग माझ्याकडं निरखून बघत म्हणाली, "वाळलास." मी तिच्या पायांवर हात ठेवला आणि रडलो. लाज वाटली, पण थांबवता आलं नाही. तिनं सुनेला चहा सांगायला पाठवलं.

दोस्त बाहेर बाकावर होता. नाकाला पट्टी, शर्टावर फुग्याची पांढरी धूळ अजून तशीच. मी शेजारी बसलो. समोरच्या भिंतीवर लसीकरणाचं चित्र होतं.

"देव कधी काढलास?" मी विचारलं.

"त्याच दिशी. पावनं गेलं अन् पटाशी घिऊन बसलो. तासभर लागला. लय पक्का बसवला व्हतास."

मला आनंद व्हायला पाहिजे होता. झालाही. पण त्याच्याआधी असा संताप आला की कानशिलं गरम झाली. त्याच दिवशी. म्हणजे ते सगळे सोमवार मी फुकट मेलो होतो. देव्हाऱ्यात सुखानं बसलेल्या देवाच्या भीतीनं वर्षभर माझ्या हातातली कामं थांबत होती.

"आणि मला सांगितलं नाहीस?" माझा आवाज चढला. आतली नर्स डोकावून गेली. "एक फोन करायचा होतास."

त्यानं मान वळवून माझ्याकडं बघितलं. डोळे सुजले होते त्याचे. तो भांडत नव्हता, खरंच विचारत होता.

"तू तरी कुटं केलास?"

मी तोंड उघडलं. मला सांगायचं होतं की मला हाकललं होतं, माझी जागा काढून घेतली होती, आता मी कुठल्या तोंडानं फोन करणार होतो. पण ते म्हणायला जुळवणी करताना माझ्या लक्षात आलं की त्या दिवशी त्या घरात मला जेव म्हणाले होते, उठू नको म्हणाले होते. जा, असं कुणीच म्हणालं नव्हतं.